आजीची सुटका

"एजन्सीचं पाणी मी एका फेरीत जोखते," असं आजीने रात्रीच्या जेवणानंतर जाहीर केलं. तिला कोणी विरोध केला नाही. आजीने एकदा जाहीर केलं की विरोध करणं म्हणजे सुटलेल्या बसला हात दाखवणं. दमणूक आपली, बस निघून जाते ती जातेच.

आजीच्या आत्मविश्वासाला कारण होतं. उभी हयात तिने विमानतळावर कस्टम्समध्ये काढली होती. समोरचा माणूस बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आत, नुसत्या त्याच्या कानांच्या रंगावरून, ती म्हणायची, हा सोनं घेऊन आलाय. आणि सोनं निघायचं. सहकारी तिला 'एक्स-रे' म्हणत. मशीन बंद पडलं तर रांग थांबत नसे, आजीला उभं करत. निवृत्त झाल्यावर बॅगा गेल्या, पण नजर राहिली. दारात आलेल्या माणसाला ती आधी तपासायची आणि मग बसा म्हणायची.

तपासणं त्या घराच्या रक्तातच होतं. आजोबा वजनमाप खात्यात होते. दुकानादुकानांतून काटे तपासत फिरायचे. लेक प्रयोगशाळेत रक्त तपासायची. जावई जहाजावर होता, त्यामुळे तो तेवढा तपासणीतून सुटला होता. त्याचं जहाज महिनोन्‌महिने बंदराला लागत नसे, म्हणून लेक बाळाला घेऊन आईवडिलांकडेच राहायला आली होती. आता तिची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर हजर नाही झाली तर जागा दुसऱ्या कोणाला देतील, असं प्रयोगशाळेने गोड शब्दांत कळवलं होतं.

बाळाला नुकतेच पाय फुटले होते. आजीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि काहीही उचलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. राहिले आजोबा. पण आजोबांकडे बाळ दिलं की पाच मिनिटांत दोघांपैकी एक झोपी जाई, आणि तो एक बाळ नसे. तेव्हा बाळ सांभाळायला बाई ठेवायची, आणि बाई एजन्सीकडून आणायची, असं ठरलं. लेक एजन्सीत जाऊन नाव नोंदवून आली. तिथल्या संचालिका फार चांगल्या आहेत, घरात कोण कोण असतं, बाईने बसायचं कुठे, जेवायचं कधी, सगळं बारकाईने विचारतात, असं तिने कौतुकाने सांगितलं.

तिथेच आजीच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाइकाशी सगळेच गोड बोलतात, असं तिचं म्हणणं. हॉटेल कसं आहे ते पुढच्या टेबलावर कळत नाही, मागच्या दाराने आत गेलं की कळतं. म्हणून आजीने मागच्या दाराने जायचं ठरवलं. ती स्वतःच बाळ सांभाळणारी बाई म्हणून नोकरी मागायला जाणार होती. नाव खोटं सांगणार होती, ओळखपत्र दाखवणार नव्हती, आणि आधीच्या मालकाची साक्ष म्हणून भलत्याच माणसाचा फोन देणार होती. एवढं सगळं खोटं खपवून घेऊन त्यांनी तिला कामावर ठेवलं, की एजन्सी लबाड. मग त्या एजन्सीची बाई घराच्या पायरीलाही नको.

लेकीला यातलं काही सांगायचं नव्हतं. आजोबांना मात्र सांगावंच लागलं, कारण भलता माणूस ते होते.

"म्हणजे मी खोटं बोलायचं?" आजोबांनी विचारलं.

"खोटं नाही हो. तपासणी आहे ती. तुम्ही नाही का साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचात?"

आजोबा म्हणाले, जायचो, पण मी वजन खरं सांगायचो. आजीने तिकडे दुर्लक्ष केलं आणि त्यांची शिकवणी घेतली. ही बाई तुमच्याकडे चार वर्षं होती. तुमची दोन मुलं तिने सांभाळली. स्वभाव मायाळू. तुमची मुलं मोठी झाली म्हणून तुम्ही तिला सोडताय. आजोबांनी ते दोन दिवस घोकलं. अंघोळ करताना आतून 'स्वभाव मायाळू, स्वभाव मायाळू' असा आवाज येत होता. लेकीला वाटलं, बाबा आईचे गुण आठवताहेत, आणि तिला भरून आलं.

शुक्रवारी सकाळी आजीने जुनी सुती साडी नेसली, घड्याळ काढून ठेवलं आणि दवाखान्यात जाऊन येते असं सांगून निघाली. बाळ आजोबांच्या मांडीवर होतं. दोघंही जागे होते, हे तिने दोनदा बघून घेतलं.

एजन्सी एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेरच्या खोलीत बाकावर चार-पाच बाया बसल्या होत्या. आजीने सवयीने सगळ्यांचे कान पाहिले. कोणाचेच लाल नव्हते. तिची पाळी आली तेव्हा मात्र आपलेच कान गरम झाल्यासारखे तिला वाटले. आयुष्यभर पट्ट्याच्या त्या बाजूला उभं राहिलेल्या माणसाला या बाजूला उभं राहायची सवय नसते.

संचालिका पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या. पूर्वी लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांनी आजीला "मावशी, बसा" म्हटलं, पाणी दिलं आणि नाव विचारलं. आजीने शाळेत जिच्याशी तिचं कायमचं भांडण झालं होतं त्या मुलीचं नाव ठोकून दिलं. ओळखपत्र विचारल्यावर ठरल्याप्रमाणे म्हणाली, "माझे सगळे कागद मालकांच्या कपाटात आहेत."

संचालिकांचं पेन थांबलं. "तुमच्याकडे का नाहीत?"

"त्यांच्याकडेच असतात पहिल्यापासून."

आता ही बाई 'चालेल, नंतर आणून द्या' म्हणेल आणि सापळ्यात सापडेल, म्हणून आजी वाट पाहू लागली. पण संचालिकांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली, आवाज आणखी मऊ केला आणि आधीच्या मालकांचा फोन नंबर मागितला. आमच्याकडे उमेदवाराच्या पाठीमागे चौकशी करत नाहीत, म्हणाल्या, जे विचारायचं ते तुमच्यासमोरच. आणि त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

हे मात्र आजीच्या हिशेबात नव्हतं.

फोन बराच वेळ वाजला. मग तिकडून आधी बाळाचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग आजोबांचा. संचालिकांनी आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, ही बाई तुमच्याकडे किती वर्षं होती?

"चाळीस," आजोबा म्हणाले.

आजीने डोळे मिटले.

"चाळीस की चार?"

"चार. बरोबर, चार. चारच सांगायचं ठरलं होतं."

संचालिकांनी आजीकडे पाहिलं. आजी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होती. मग त्यांनी विचारलं, ती राहायची कुठे? आजोबा म्हणाले, इथेच, आणखी कुठे जाणार ती? काम काय काय करायची? आजोबा म्हणाले, सगळंच. या विषयावर खोटं बोलायचं नसल्यामुळे त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. पहाटे उठते, स्वयंपाक, धुणं, बिलं भरणं, माझी औषधं, शिवाय नोकरी होती तेव्हा नोकरी, सगळं एकटीने करते, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"म्हणजे बाहेरही कामाला जायच्या? ते पैसे कोणाकडे असायचे?"

"घरातच यायचे की."

"आणि तुम्ही त्यांना पगार काय देत होता?"

हा प्रश्न शिकवणीत नव्हता. "पगार..." आजोबा विचार करत म्हणाले. "तिने कधी मागितला नाही."

"आठवड्याची सुट्टी?"

"सुट्टी नाही बुवा आठवत. एकदा तापाने झोपली होती. पण दुपारी उठली. कारण मला काही सापडेना."

संचालिकांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. आजीला तो दिसत होता, पण तिचं लक्ष फोनकडे होतं. आजोबा खोटं बोलतील या भीतीने ती घरून निघाली होती. ते खरं बोलतील याची भीती तिला कधी वाटली नव्हती. तापाची ती दुपार तिलाही आठवत होती. त्यांना सापडत नव्हता तो बाटली उघडायचा ओपनर होता.

"शेवटचं विचारते," संचालिका म्हणाल्या. "तुम्ही त्यांना आता जाऊ देणार आहात ना?"

"जाऊ देणार? कुठे?" आजोबांच्या आवाजात पहिल्यांदा घबराट आली. "नाही नाही. ती गेली तर मी काय करू? तिला म्हणावं, लगेच घरी ये. बाळाने माझा चष्मा दिव्यामागे टाकलाय."

संचालिकांनी फोन बंद केला. उठून दाराला आतून कडी घातली. मग आजीच्या शेजारी येऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका. आता तुम्हाला तिथे परत जायची गरज नाही."

आजीच्या तोंडचं पाणी पळालं. नाटक पुरे झालं, खरं काय ते सांगून टाकावं, असं तिने ठरवलं. तिथून पुढे सगळं आणखी बिघडलं.

ती म्हणाली, अहो, ते मालक नाहीत, माझा नवरा आहे. संचालिकांनी मान हलवली. असं बऱ्याच जणी सांगतात, त्या म्हणाल्या, कामाला ठेवतात, मग पगार द्यायला नको म्हणून लग्न लावून घेतात. आजी म्हणाली, तसं नाही, मी सरकारी नोकरीत होते, मी मुद्दाम तुमची परीक्षा घ्यायला आले. आणि माझं नावही ते नाही. मग कोणाचं आहे? शाळेतल्या एका मुलीचं. मग तुमचं खरं नाव कशावर बघायला मिळेल? आजी नाइलाजाने म्हणाली, "कपाटातल्या कागदांवर."

बोलता बोलता आजीच्या लक्षात आलं की नोकरीत असताना जो माणूस तीनदा जबानी बदलायचा, त्याला ती सरळ आतल्या खोलीत पाठवायची. आपण चौथ्यांदा बदलतोय, हे तिचं तिलाच कळत होतं. स्वतःला तिने केव्हाच आत टाकलं असतं.

तेवढ्यात संचालिकांनी तो फोन नंबर आपल्या संगणकात घातला आणि त्या उभ्याच राहिल्या. तोच नंबर, तोच पत्ता, याच आठवड्यात नोंदवलेल्या एका घराचा होता. त्या घराला बाळ सांभाळायला बाई हवी होती, शक्यतो सोमवारपासून. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा आजीच्या साडीतून उठून दिसणाऱ्या गुडघ्यांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मावशींचे गुडघे निकामी झाले म्हणून आता दुसरी बाई हवीय, हे गणित त्यांच्या डोक्यात जुळताना आजीला समोर दिसलं. कागद वाचावा तसा तो चेहरा स्वच्छ वाचता येत होता. त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. एजन्सी सोन्यासारखी होती. पण आता त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

संचालिकांनी कामगार कार्यालयात फोन लावला.

अर्ध्या तासात तिथून एक अधिकारी बाई आल्या. उंच, चपळ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आजीला गाडीत मागे बसवलं, शेजारी संचालिका बसल्या. गाडी आपल्याच रस्त्याला वळताना पाहून आजीने शेवटचा प्रयत्न केला. घरी गेल्यावर सगळं कळेल, माझी मुलगीच आहे तिथे, ती म्हणाली. अधिकारी बाईंनी मागे वळून विचारलं, मुलीलाही कामाला जुंपलंय का?

दार आजोबांनी उघडलं. काखेत बाळ, डोळ्यांवर चष्मा नाही. दारात तीन आकृत्या दिसल्या, त्यातली मधली ओळखीची वाटली, तेव्हा ते तिलाच म्हणाले, "आलीस बाई एकदाची. माझं काही चुकलं का गं फोनवर?"

अधिकारी बाईंनी ओळखपत्र दाखवून कपाट उघडायला सांगितलं. आजोबा म्हणाले, मला नाही उघडता येणार, किल्ली तिच्याकडे असते. कोणाकडे? हिच्याकडे. अधिकारी बाईंनी आजीकडे पाहिलं. आजीने मुकाट्याने पिशवीतून किल्ली काढून दिली. मग अधिकारी बाईंनी आजोबांना विचारलं, तुमचे स्वतःचे कागद कुठे असतात? आजोबा म्हणाले, त्याच कपाटात. पैसे? तिच्याकडे. तुम्ही बाहेर जाता तेव्हा? तिला विचारून जातो. अधिकारी बाई काही वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. या घरात नेमकं कोणी कोणाला डांबून ठेवलंय, हा प्रश्न त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच आला असावा.

कपाटात दोघांची ओळखपत्रं निघाली, लग्नाचा दाखला निघाला, निवृत्तीच्या समारंभातला आजीचा गणवेशातला फोटो निघाला. त्यात आजी एका मंत्र्याच्या बॅगेकडे संशयाने बघत होती. तेवढ्यात लेक बाजारातून आली. दारात सरकारी गाडी, खोलीत अधिकारी, सोफ्यावर एजन्सीच्या संचालिका, आणि दवाखान्यात गेलेली आई जुन्या साडीत मान खाली घालून उभी. लेकीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आई, काय केलंस तू?"

आजीने सांगितलं. या वेळी एकदाच, सरळ, सुरुवातीपासून. नाक, हनुवटी आणि रागावल्यावर वर जाणारी डावी भुवई दोघींची इतकी सारखी होती, की नातं सिद्ध करायला दुसरा पुरावा लागला नाही.

सगळं ऐकल्यावर संचालिका हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. लेकीने हात जोडून माफी मागितली आणि भीत भीत विचारलं, सोमवारी बाई येईल ना? संचालिका म्हणाल्या, तेच मी ठरवतेय.

"तुम्ही आमची एजन्सी विश्वासाची आहे का ते बघायला आलात, ते योग्यच केलंत," त्या आजीला म्हणाल्या. "पण मलाही बघावं लागतं ना, माझी बाई मी कुठल्या घरात पाठवतेय ते. आमच्या बाईला आठवड्याची सुट्टी लागते. दुपारी तासभर पाठ टेकायला लागते. ताप आला तर ती येत नाही. या घरात आत्ता जी बाई आहे तिला यातलं काय काय मिळतं, ते मी मघाशी या कानांनी ऐकलं."

आजोबांनी चष्म्याविना जिथे आजी असेल असं त्यांना वाटलं त्या दिशेला तोंड केलं, पण तिथे अधिकारी बाई होत्या.

"मला कोणी विचारलंच नव्हतं असं कधी," ते त्यांना म्हणाले. "काट्याच्या एका पारड्यात किती पडतंय, तेच बघत आलो जन्मभर दुकानांतून. घरी काटाच नव्हता."

आजीला हसावं की रडावं कळेना. तिने दिव्यामागे हात घालून चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

संचालिकांनी अखेर बाई पाठवायचं कबूल केलं. पहिल्या महिन्यात त्या न सांगता केव्हाही येऊन बघतील, अशी अट घातली. लेकीने ती आनंदाने मान्य केली. एजन्सी विश्वासाची आहे की नाही, हे आजीला आता कोणी विचारलं नाही.

राहिला कामगार कार्यालयाचा कागद. अधिकारी बाई म्हणाल्या, तक्रार एकदा नोंदली गेली की ती आपोआप मिटत नाही. जिच्या नावावर आहे तिने सही करून मागे घ्यायची. तोवर दर महिन्याला मला येऊन बघावं लागेल, की या बाईंना सुट्टी मिळते का, विश्रांती मिळते का. त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. लेकीने सुटकेचा श्वास टाकला. आजोबांनी टेबल पुढे सरकवलं.

आजीने पेन हातात घेतलं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा मोरीतल्या सकाळपासून पडलेल्या भांड्यांकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "घाई कशाला? विचार करून सांगते."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. बाळ सांभाळायला आलेली बाई उत्तम निघाली. दुपारी ती तासभर पाठ टेकते, तेव्हा शेजारच्या खोलीत आजीही टेकते. अधिकारी बाई दर महिन्याला न चुकता येतात. आजोबा त्यांना भांडी घासलेली दाखवतात, वाळत घातलेले कपडे दाखवतात, आणि स्वतः केलेला चहा पाजतात. तो चहा इतका वाईट असतो, की गेल्या खेपेला अधिकारी बाई बाहेर पडताना आजीला हळूच म्हणाल्या, मावशी, आता तरी सही करून टाका, निदान माझ्यासाठी.

आजी म्हणाली, करते हो, पण मेलं पेनच चालत नाहीये.